नाकतोड्याची शेपटी

सदाशिवराव दुकानात आले तेव्हा मी तांब्याच्या गुंडाच्या बुडावर हातोडी मारत होतो, आणि ती कुठे पडते आहे ते मला कळत नव्हतं. दिवाळी होऊन आठेक दिवस झाले होते. साल चोपन्न. सिंदी स्टेशनापाशी कापसाच्या बैलबंड्यांची रांग लागली होती, आणि आमच्या तांबटांच्या ओळीत चार दुकानांपैकी दोन बंद पडली होती. लोक जर्मनची भांडी घेऊ लागले होते. अ‍ॅल्युमिनियमला आमच्याकडे जर्मन म्हणतात. हलकं असतं, चिंचेनं घासावं लागत नाही, कल्हई लागत नाही. ओळीतली माणसं त्या धातूचं नाव घेतानासुद्धा तोंड वाकडं करायची. मीही त्यांतलाच.

सदाशिवराव म्हणजे जिनिंगवाल्यांचे धाकटे चिरंजीव. पुण्याला शिकून आले तरी घरच्या बोलीतच बोलणारे. ते बाकावर बसले, मी केलेला एक गुंड उचलून त्यांनी फिरवून पाहिला आणि खाली ठेवला. गुंड म्हणजे बायका विहिरीवरून कमरेवर आणतात ती तांब्याची घागर. तो गुंड डावीकडे कलत होता. श्रावणापासून माझ्या हातून निघालेले तिन्ही गुंड कलतच होते.

श्रावणात भागीरथा गेली. माझी बायको. सकाळी भरला गुंड कमरेवर घेऊन ती विहिरीच्या पायऱ्या चढली, शेवटच्या पायरीवर खाली बसली आणि उठली नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. गुंड गडगडत खाली गेला आणि त्याच्या पोटाला वाटीएवढा पोचा पडला. तोच गुंड घेऊन आता माझी मुलगी नलू पाण्याला जात होती. तिला सतरावं सरत होतं. पोचा काढणं हे माझ्यासाठी चिलीम भरण्याइतकंच काम. पण मी त्या गुंडाला हात लावला नव्हता.

मी रडलोही नव्हतो. तेराव्यापर्यंत लोकांनी वाट पाहिली, मग सोडून दिलं.

हातोडीच्या कामाला कान लागतो. ठोका बरोबर पडला की तांबं एक बोलतं, चुकला की दुसरं. श्रावणापासून मला दोन्ही सारखंच ऐकू येत होतं. म्हणून मी भंडाऱ्याला धाकट्या भावाला कार्ड लिहिलं होतं, की माघात दुकान मोडतो, ऐरण आणि हत्यारं तुला आणून देतो, आणि मी नि नलू तुझ्याकडे येऊन राहतो. नलूला हे ठाऊक होतं. तिला जायचं नव्हतं. कार्ड टपालात टाकायला मी तिच्याकडे दिलं तेव्हा ती बराच वेळ दारात उभी होती.

सदाशिवरावांचं काम वेगळंच होतं. त्यांच्या वडिलांनी वीस वर्षांपूर्वी एक विलायती दोन माणसांची मोटार घेतली होती. लांब नाक, मागे उचललेली, बारीक चाकं. सिंदीतली पोरं तिला नाकतोडा म्हणायची. वडील गेल्यावर ती सरकीच्या गोदामात पडून राहिली. उंदरांनी गादी खाल्ली, मागचा अर्धा डबा गंजून गळाला. आता संक्रांतीनंतरच्या रविवारी नागपूरला मोटारींची शर्यत होणार होती आणि सदाशिवरावांना नाकतोडा त्यात पळवायचा होता. इंजिन त्यांनी चालू करून घेतलं होतं. अंग नवं करायचं राहिलं होतं, आणि तेही शर्यतीच्या धाटणीनं. चाकांवरची चारही झाकणं काढून टाकायची, दारं कमरेपर्यंत कापायची, समोरची उंच काच काढून तिथं हाताच्या पंजाएवढी अर्धगोल काच बसवायची, नाकावर वारा जायला खाचा पाडायच्या. एवढं सगळं चिंधू मिस्त्री करणार होता. चिंधूला शेपटी मात्र जमत नव्हती.

"गुंडाले कसा खांदा असते, रूपरावजी, तसा पाहिजे," सदाशिवराव म्हणाले. "आन मंग मागं जाता जाता निमुळता. वारा चिकटूनच नाई राह्यला पाहिजे."

मी विचारलं, कशाची करायची. त्यांनी दारातून ओळीकडे एकदा पाहिलं.

"जर्मनची. लोखंड जड होते."

नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. मी हो म्हणालो. मनाशी एवढंच धरलं की हात शिल्लक आहे की नाही ते या कामात कळेल. जमलं नाही तर माघाची वाटसुद्धा न पाहता निघायचं.

चिंधू दुसऱ्या दिवशी पत्रा घेऊन आला. लढाईच्या काळात तो नागपूरच्या विमानांच्या अड्ड्यावर मिस्त्र्यांच्या हाताखाली होता, आणि तिथला उरलेला एक मोठा पत्रा त्यानं इतकी वर्षं घरी छपराखाली जपून ठेवला होता. तसा दुसरा मिळणार नव्हता. मी खाली वाकलो, तांब्याच्या मानानं जोर लावला, आणि माझे दोन्ही हात एकदम वर गेले. पत्रा छताला लागता लागता राहिला. चिंधू हसला.

"तुम्हाले वाटलं म्हैस उचलून राह्यलो," तो म्हणाला.

मला चैत्रातला बाजार आठवला. सिंदीच्या बाजारात एक फेरीवाला जर्मनचे गुंड घेऊन बसला होता. भागीरथानं एक उचलला होता. दोन बोटांनी. दोन बोटांनी उचलून तो तिनं माझ्यापुढे धरला होता आणि म्हणाली होती, "हे पाहा ना. रिकामा तं रिकामा, भरला बी तं कमरीले कळत नसन." मी म्हणालो होतो, की तांबटाची बायको जर्मन घेऊन विहिरीवर गेली तर मी कोणत्या तोंडानं दुकान उघडू. ती हसली होती. गुंड जागेवर ठेवला होता, पालथा, जसा होता तसा. पुढे आम्ही मिरच्या घेतल्या.

मी पत्रा भिंतीला टेकवून ठेवला.

महिनाभर नुसती तयारी चालली. जिनिंगच्या सुतारानं सागवानी पट्ट्यांचा सांगाडा मोटारीवर बसवून दिला. मी जुन्या वर्तमानपत्रांचे तुकडे त्यावर लावून माप घेतलं. हे मला येत होतं. हात आपोआप चालत होते. चिंचेच्या लाकडाचा नवा मोगरा, म्हणजे पत्रा ठोकायचा लाकडी हातोडा, केला, चामड्याच्या थैलीत वाळू भरून ती शिवून घेतली. नलू जेवायला हाक मारायची, मी जेवायचो. काय जेवलो ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

मधे दत्तजयंतीला नत्थूजीबुवांचं कीर्तन झालं. बुवांच्या मागे पंचवीस वर्षं मी झांज धरतो. ती झांज मीच घडवलेली आहे. बुवा पूर्वरंगात कितीही अवघड घाटातून नेवोत, उत्तररंगात कथा लागली की मी सिंदीत नसायचो. जिथे बुवा नेतील तिथे असायचो. डोळे भरून यायचे आणि ते पुसायला हात मोकळा नसायचा. भागीरथा बायकांच्या बाजूला पहिल्या खांबाला टेकून बसायची आणि माझ्याकडे बघून पदर तोंडाला लावायची. हसायची ती. म्हणायची, देवाच्या दारात एवढं पाणी कोणी सांडत नाही.

त्या दिवशी बुवांचा गळा फार चांगला लागला होता. लोक म्हणत होते. झांज एकदाही चुकली नाही. ती सवयीची होती. पण मला बुवांचे शब्द पाण्याखालून आल्यासारखे येत होते. आरती झाल्यावर बुवांनी मला बाजूला घेतलं. त्यांनी दुःखाचं काही काढलं नाही, ज्ञानही सांगितलं नाही. त्यांना ती सवयच नाही.

"रूपराव, झांज बरोबर हाये," ते म्हणाले. "तुमी कुठी हाये?"

त्यांनी माझ्या हातावर नारळाचा तुकडा ठेवला आणि ते कंदील धरलेल्या माणसामागे निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी पत्रा कापला. वरचा एक भाग, खालचा एक भाग, असे दोनच तुकडे. मधे शक्य तितका कमी जोड. तांबं ठोकून ठोकून ताठर होतं, मग ते भट्टीत घालून मऊ करावं लागतं. डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल झालं की काढायचं आणि पाण्यात सोडायचं. तो रंग बघण्यातच आमचं निम्मं आयुष्य जातं. तांबटाचं पोर चालायला लागायच्या आधी तो रंग ओळखतं. जर्मनही मऊ करूनच घ्यावं लागणार होतं. चिंधू दारात बिडी ओढत उभा होता. तो म्हणाला, "भाऊ, पत्र्याले आंगाचा साबन घासून घ्या. साबन काळा पडला का उतरवजा. हे लाल होत नाई."

मी म्हणालो, "तीस वर्सं झाले मले भट्टीपुढं. आग मले नोको शिकवू."

"नाई शिकवत, बापा," चिंधू म्हणाला. "मी मोटारवाला मानूस. मले कशाले आग समजते?" त्यानं बिडी चिरडली आणि जिनिंगच्या वाटेनं निघून गेला.

मी दार निम्मं लोटून घेतलं. रंग नीट दिसावा म्हणून आम्ही दुकान अंधारं करतो. नलू भाता ओढायला बसली. कोळसे फुलले. वरचा तुकडा मी दोन चिमट्यांनी धरून निखाऱ्यांवर फिरवू लागलो आणि लाल होण्याची वाट पाहू लागलो.

पत्रा जसा होता तसाच राहिला. राखाडी, थंड वाटावा असा. मी नलूला म्हणालो, ओढ. तिनं ओढलं. थोड्या वेळानं ती म्हणाली, "बाबा, झालं असन."

"लाल कुठी झाला?"

ती पुन्हा भाता ओढू लागली. मी डोळे बारीक करून बघत होतो. कुठे कडेला तांबूस झाक, कुठे काही. काहीच नव्हतं. आणि मग पत्र्याचा मधला भाग ओल्या फडक्यासारखा खाली बसला. आवाज झाला नाही. हाताच्या पंजाएवढा तुकडा निखाऱ्यांत गेला आणि तिथे पाऱ्यासारखा गोळा होऊन पडला. माझ्या चिमट्यांत भोक पडलेला पत्रा राहिला. तो तेव्हाही राखाडीच होता.

मी तो खाली ठेवला. नलूनं भाता थांबवला. शर्यतीला महिना उरला होता आणि पत्रा दुसरा नव्हता. मी हात धुतले आणि बाकावर बसलो. वाईट वाटलं असं म्हणता येणार नाही. आता भंडाऱ्याला निघायचं, एवढंच डोक्यात आलं. ऐरण कोणाच्या बंडीत घालायची तेही डोक्यात आलं.

दिवस कलल्यावर नलू पाणी घेऊन आली. दारातून आत येताना गुंडाचा पोचा नेहमीसारखा चौकटीला लागला. तिनं गुंड उतरवला, कमरेवर हात दाबला, तसाच तिच्या आईसारखा, आणि भोक पडलेल्या पत्र्यापाशी उकिडवी बसली. भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं.

"आईचं बी असंच झालं, बाबा," ती म्हणाली. "आपून वाट पाह्यली का तिले काई होत असन तं ते सांगन. तिच्या तोंडावर काई दिसलंच नाई. तिनं सांगतलंच नाई."

मी पत्र्याकडे बघत होतो.

"सांगतलं होतं," मी म्हणालो. "बाजारात सांगतलं होतं."

नलू चैत्रात आमच्याबरोबर बाजारात होती. तिला वेगळं सांगावं लागलं नाही. ती उठून चूल पेटवायला गेली. त्या रात्री आम्ही जेवलो, झोपलो. सकाळी भट्टीच्या कठड्यावर अंगाचा साबण ठेवलेला होता. वडीवर नलूच्या बोटांचे ओले ठसे होते.

मी जिनिंगमध्ये गेलो आणि सदाशिवरावांना पत्रा जाळल्याचं सांगितलं. चिंधू तिथंच मोटारीखाली पालथा पडलेला होता. त्याच्यासमोरच सांगितलं, की ह्यानं साबणाचं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. चिंधू मोटारीखालून बाहेर आला आणि माझ्याकडे बघत राहिला. ओळीतला तांबट असं कोणापुढे बोललेला त्यानं पाहिला नसावा. सदाशिवरावांनी विचारलं, उरलेल्यात निघेल का. मी म्हणालो, दोनाऐवजी तीन तुकड्यांत निघेल. एक जोड जास्त येईल. ते म्हणाले, येऊ द्या.

मग मी काम सुरू केलं. साबण घासायचा, पत्रा निखाऱ्यांवरून फिरवायचा, पत्र्याकडे न बघता साबणाकडे बघायचं. साबण आधी पिवळा होतो, मग गुळासारखा, मग काळपट. काळा पडला की काढायचा आणि आपोआप गार होऊ द्यायचा. नलू पहिल्या दिवशी माझ्या मागे उभी राहून बघत होती. साबण काळा पडला की ती "हं" म्हणायची. दुसऱ्या दिवशीपासून मीच म्हणू लागलो.

मऊ झालेला पत्रा वाळूच्या थैलीवर ठेवून मी चिंचेच्या मोगऱ्यानं ठोकायला बसलो. तांबं बोलतं. जर्मन बोलत नाही. ठोका चांगला पडो की वाईट, त्याचा आवाज एकच, थप्प. दुसऱ्या एखाद्या तांबटानं त्याला वैतागून पत्रा फेकून दिला असता. मला ते बरं पडलं. तसंही मला ऐकू येत नव्हतं. मी डोळे मिटून तळहात फिरवायचो. जिथे हाताला काही लागेल तिथे ठोकायचो, मग पुन्हा तळहात. गुंडाचा खांदा हात विसरला नव्हता. तोच खांदा मी लांबवत नेला, लांबवत नेला आणि शेवटी बोटाच्या टोकासारखा मिटवला.

पंधरा दिवसांत तीनही तुकडे तयार झाले. सांगाड्यावर बसवून चिंधूनं ते रिबिटांनी जोडले. जास्तीच्या जोडाची रेघ मधोमध आली, शेपटीच्या कण्यासारखी. सदाशिवराव म्हणाले, ही रेघ तर मुद्दाम घातल्यासारखी दिसते. ते खोटं बोलले नसावेत. मी शेपटीवर एकदा हात फिरवला. कुठे काही लागलं नाही. हात शिल्लक होता तर. हे कळल्यावर काहीतरी वाटायला हवं होतं. मी थोडा वेळ वाट पाहिली.

निघताना मी सदाशिवरावांना विचारलं, की पत्र्याचे कडेचे तुकडे उरलेत ते नेऊ का. ते म्हणाले, न्या की, पण काय करता त्यांचं.

"गुंड," मी म्हणालो.

त्यांना आमची ओळ माहीत होती. त्यांनी मान हलवली आणि चिंधूला तुकडे बांधून द्यायला सांगितलं.

संक्रांतीनंतरच्या रविवारी नाकतोडा नागपूरला गेला. त्याला बाटलीसारखा हिरवा रंग दिला होता आणि नाकावरून चामड्याचा पट्टा आवळला होता. मला बोलावलं होतं, मी गेलो नाही. सोमवारी चिंधूनं येऊन सगळं सांगितलं. दहा फेऱ्या होत्या. सहा फेऱ्यांपर्यंत सदाशिवराव पुढच्या तिघांत होते. सातव्या फेरीत इंजिनातलं पाणी उकळलं आणि मोटार कडेला घ्यावी लागली. पण लोक मोटारीभोवती जमले होते, चिंधू म्हणाला, आणि एक कलकत्त्याचा साहेब शेपटीवर हात फिरवून विचारत होता की हे कोणत्या कारखान्यात केलं. सदाशिवरावांनी सांगितलं, सिंदीला गुंड करणारा एक माणूस आहे. साहेबाला ती थट्टा वाटली.

"मी म्हटलं, साहेब, खरं हाये," चिंधू म्हणाला. "तं तो मलेच हसला."

मी ऐकत होतो आणि हातात काम चालू होतं. जर्मनवर झाळाचा टाका धरत नाही, म्हणून पोटाचे दोन भाग वेगळे घडवून त्यांच्या कडा मी एकमेकींत दुमडत होतो. तांब्याच्या गुंडाला मी कधी इतका वेळ घेतला नव्हता. पाणी गळू नये म्हणून शिवण चार वेळा ठोकली. काठ नलूच्या हाताच्या मापानं ठेवला. तिला न सांगता, ती कणीक मळत असताना तिच्या मनगटाकडे बघून.

समोरच्या दुकानातले गोमाजी, आमच्या ओळीतले सगळ्यांत म्हातारे तांबट, काठी टेकत येऊन दारात उभे राहिले. बराच वेळ बघत होते.

"रूपराव," ते म्हणाले, "दुश्मनालेच घरात घेतलं का?"

"घेतलं, काका."

"आन विहिरीवर कोन नेनार हे?"

"नलू."

ते आणखी काही बोलतील असं मला वाटलं. त्यांनी गुंड मागितला. मी दिला. त्यांचाही हात वर गेला, माझा गेला होता तसा. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला, कानापाशी नेऊन बोटानं टिचकी मारली. थप्प. त्यांनी तोंड वाकडं केलं, पण गुंड माझ्या हातात देताना हळू दिला. मग शिवणीवरून अंगठा फिरवून म्हणाले, "इथी अजून एक डाव ठोक."

मी ठोकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नलू तो गुंड घेऊन निघाली. ओळीतून जाताना तिनं तो झाकला नाही, पदराखाली घेतला नाही. बायका आपापल्या दारात उभ्या होत्या. कोणी काही म्हटलं असेल तर मला ऐकू आलं नाही. ती परत आली तेव्हा मी दारातच होतो. दोन्ही पाय सारखे पडत होते. तांब्याचा गुंड आणताना तिचा उजवा पाय जरासा ओढायचा, आणि ते माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. आज पाय ओढत नव्हता, म्हणून लक्षात आलं.

तांब्याचा गुंड मी देवघरापाशी ठेवला. पोचा काढला नाही. तो आहे तसा आहे.

संध्याकाळी दिवा लावल्यावर नलूनं विचारलं, "काकाले कार्ड टाकू का? तुमी माघात येतो म्हनून लिहलं होतं."

"टाक," मी म्हणालो. "येत नाई म्हनून लिह."

ती लगेच लिहायला बसली. शाई संपली होती. तिनं दौतीत पाणी घालून लिहिलं. अक्षरं फिकी आली तरी वाचता येत होती.

माघातल्या चतुर्थीला केळझरला गणपतीचा जन्म असतो आणि दुपारी बुवांचं कीर्तन असतं. आम्ही पहाटे छकड्यानं निघालो. नलूनं गुंड बरोबर घेतला. टेकडीवर लोक फार जमतात आणि पाणी खालून आणावं लागतं, हे तिला आईबरोबर जाऊन माहीत होतं. देवळासमोरच्या मांडवात बुवा उभे राहिले. अबीर लावला, हार घातला. मी डावीकडे झांज घेऊन बसलो, माझ्या पंचवीस वर्षांच्या जागी. पूर्वरंग झाला. बुवांनी पाणी प्यायलं, घाम पुसला आणि उत्तररंगाचं पद उचललं. शब्द तसेच येत होते, पाण्याखालून. झांज बरोबर चालली होती.

मांडवाच्या कडेवरून खालची वाट दिसते. पायऱ्या दगडी, उंच, मधेमधे तुटलेल्या. तिथून पाण्याच्या बायका वर येत होत्या. वाकलेल्या, एका हातानं गुडघा धरून, पायरीपायरीला थांबत. त्यांच्यामधून नलू वर आली. तिच्या कमरेवर भरलेला जर्मनचा गुंड होता, काठोकाठ, उन्हात पांढरा दिसत होता, आणि ती थांबली नाही. शेवटच्या पायरीपाशीसुद्धा थांबली नाही. वर आली, गुंड उतरवला आणि बायकांच्या बाजूच्या पहिल्या खांबापाशी उभी राहून पदरानं कपाळ टिपू लागली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं.

माझी झांज चुकली.

एक ठोका नाही, दोन नाही, सगळी ओळच गेली. हात हवेत राहिले. समोरचं नीट दिसेना, आणि पुसायला हात मोकळा नव्हता. मृदंगवाल्यानं दचकून माझ्याकडे पाहिलं, पेटीवाल्यानं पाहिलं. पंचवीस वर्षांत असं झालेलं नव्हतं.

बुवा थांबले. त्यांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं, मग खांबाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. लोक वाट बघत होते. बुवांनी चिपळ्या सावरल्या आणि पद पहिल्या चरणापासून पुन्हा घेतलं.